तुळशीपत्र ठेवल्यानंतर: एआय संस्थेच्या सहसंस्थापकांमधल्या दाव्याची पार्श्वभूमी

मध्य प्रदेशात सोसायटी नोंदवायला किमान सात माणसं लागतात. आमच्याकडे नऊ होती. गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या सुदामानगरातल्या एका घरी आम्ही जमलो होतो. दृष्टिहीन वाचकांसाठी मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनवायचं, फुकट द्यायचं आणि त्यासाठी संस्था काढायची, एवढं पक्कं होतं. नाव पंधरा मिनिटांत ठरलं. उद्दिष्टांच्या कागदावरच्या एका ओळीने मात्र तीन संध्याकाळी खाल्ल्या. ओळ अशी होती: 'संस्था तयार करील ते सॉफ्टवेअर शक्य असेल तेथे सर्वांसाठी खुले ठेवील.' आमच्यातल्या निवृत्त वकीलकाकांनी 'शक्य असेल तेथे' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "शक्य आहे की नाही, हे ठरवणार कोण?"

कॅलिफोर्नियातल्या कोर्टात ओपनएआय या एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) संस्थेविरुद्ध तिचाच सहसंस्थापक इलॉन मस्क याने लावलेल्या दाव्याच्या तळाशी जवळजवळ हीच ओळ आहे. प्रश्नांना उत्तरं देणारं चॅटजीपीटी याच संस्थेचं. वादी मस्क, आणि समोर संस्थेचा मुख्याधिकारी, दुसरा सहसंस्थापक सॅम ऑल्टमन. बातम्यांमध्ये हा दावा दोन धनाढ्यांचं भांडण म्हणून रंगवला जातो आणि मूळ कागद बाजूला पडतो. तो कागद वाचायला हवा.

कागदावर तारीख आहे ८ डिसेंबर २०१५. संस्था अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ना-नफा म्हणून नोंदवली गेली. नोंदणीपत्रात लिहिलं आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तंत्रज्ञानाचं संशोधन, विकास आणि वितरण यांसाठी पैसा पुरवणं हा संस्थेचा उद्देश आहे. या तंत्रज्ञानाचा लाभ जनतेला होईल. 'जेथे लागू असेल तेथे' ते लोकहितासाठी खुलं करण्याचा संस्था प्रयत्न करील. आणि कोणाच्याही खासगी लाभासाठी ही संस्था स्थापन झालेली नाही. तीन दिवसांनी जाहीर घोषणा झाली. आर्थिक परतावा मिळवण्याच्या गरजेतून मोकळं राहून साऱ्या मानवजातीच्या हिताचं काम करायचं, असं तीत म्हटलं होतं. देणगीदारांनी मिळून १०० कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात त्यातला लहान हिस्साच आला. वादी असलेल्या सहसंस्थापकाकडून साडेचार कोटी डॉलरांपेक्षा कमी आणि इतर देणगीदारांकडून नऊ कोटींहून अधिक मिळाले, असं संस्था सांगते.

आता 'जेथे लागू असेल तेथे' हे शब्द पाहा. 'लागू' कशाला, कोणत्या कसोटीवर, कोणाच्या निर्णयाने, यातलं काहीही पुढे लिहिलेलं नाही. आणि हे शब्द खुलेपणाला जोडलेले आहेत, लोकहिताला नाहीत. म्हणजे कागदाप्रमाणे लोकहित बिनशर्त आहे आणि खुलेपणा सशर्त. संस्थेच्या नावात मात्र 'ओपन' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. ज्याने नाव वाचून पैसे दिले त्याला एक संस्था दिसली, ज्याने कलम वाचलं त्याला दुसरी.

हा घोळ संस्थापकांच्या ध्यानात फार लवकर आला होता. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे स्थापनेला महिनाही पुरता झाला नव्हता तेव्हा, संस्थेच्या तेव्हाच्या संशोधन संचालकाने, जो पुढे मुख्य शास्त्रज्ञ झाला, सहकाऱ्यांना ईमेल लिहिला. एआय जसजसं जवळ येईल तसतसं कमी खुलं होणंच योग्य ठरेल. नावातल्या 'ओपन'चा अर्थ तयार झालेल्या एआयची फळं सर्वांना मिळावीत एवढाच, त्यामागचं शास्त्र सर्वांना दिलं नाही तरी चालेल, असा त्याचा आशय होता. आज वादी असलेल्या सहसंस्थापकाने त्यावर एका शब्दात होकार दिला. दावा लागल्यावर मार्च २०२४ मध्ये संस्थेनेच हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. वादीच्या बाजूला या एका शब्दाने जितकं दुखावलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

तरीही मला वाटतं, हा ईमेल लोक समजतात तितका निर्णायक नाही. दोन संस्थापकांनी खासगी पत्रात एखाद्या शब्दाचा अर्थ आपसात ठरवून घेतला, म्हणून नोंदणीपत्रातला अर्थ बदलत नाही. त्या पत्रावर बाकीच्या देणगीदारांची सही नव्हती. कमी पगारावर तिथे गेलेल्या संशोधकांचीही नव्हती. आणि ज्या जनतेच्या नावाने करसवलत मिळाली तिला तर विचारलंच नव्हतं.

पुढची वर्षं भराभर सांगता येतात. २०१७ मध्ये सर्वांच्याच लक्षात आलं की लागणारे संगणक देणग्यांतून उभे राहणार नाहीत. नफ्याची शाखा काढण्याची चर्चा तेव्हाच झाली. त्या शाखेत वादी स्वतः बहुमताची मालकी आणि सूत्रं मागत होता, असं संस्थेने दाखवलेल्या कागदांत आहे. त्याच्या दाव्याला हे फारसं शोभत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो संचालक मंडळातून बाहेर पडला. मार्च २०१९ मध्ये मर्यादित नफ्याची शाखा निघाली, पहिल्या गुंतवणूकदारांना गुंतवणुकीच्या शंभर पटीपर्यंत परतावा देणारी. त्याच जुलैत मायक्रोसॉफ्ट या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने १०० कोटी डॉलर घातले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये संचालक मंडळाने मुख्याधिकाऱ्याला काढलं आणि पाच दिवसांत तो परत आला. काढणारे बहुतेक संचालक मात्र गेले. उद्दिष्टाची राखण करायला नेमलेलं मंडळ पैशापुढे किती तग धरतं, ते तिथे दिसलं.

दावा पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या राज्य न्यायालयात लागला. 'संस्थापन करार' मोडला, असा त्याचा कणा होता. पण या नावाचा, सह्या असलेला एकही कागद अस्तित्वात नाही. ईमेल, घोषणा आणि नोंदणीपत्र एकत्र धरून तो करार होतो, असं वादीचं म्हणणं होतं. जूनमध्ये हा दावा मागे घेतला गेला आणि ऑगस्टमध्ये फेडरल न्यायालयात नव्याने लावला. यथावकाश त्यातली काही कलमं गळाली. जानेवारी २०२६ पर्यंत जे टिकलं त्यात फसवणूक होती, आणि देणगी ज्या कामासाठी दिली तो विश्वास मोडल्याचा आरोप होता. हा दुसरा भाग इंदूरच्या माणसाला परका वाटू नये.

आपल्याकडे हाच प्रश्न 'खासगी' या शब्दावरून कोर्टात गेला होता. मल्हारराव होळकरांच्या विनंतीवरून १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे जहागीर दिली, तिला खासगी म्हणत. दौलतीचा पैसा वेगळा, राणीचा वेगळा. गौतमाबाईंनंतर ती त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली आणि देशभरचे घाट, मंदिरं, धर्मशाळा यांवर तिचा पैसा खर्च झाला. अहिल्याबाईंनी खजिन्यावर तुळशीपत्र ठेवलं, ही आठवण आमच्या घरांतून अजून सांगतात. तुळशीपत्र ठेवलं की वस्तूवरचा आपला हक्क सुटला. नंतर ती आपल्यालाही परत घेता येत नाही.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं तेव्हा या धर्मादायासाठी सरकारने दरवर्षी २,९१,९५२ रुपये बाजूला काढावेत असं ठरलं. २७ जून १९६२ रोजी न्यासपत्र झालं. न्यासाच्या यादीत २४६ मालमत्ता होत्या. न्यासाच्या नावात 'खासगी' शब्द तसाच राहिला आणि तिथून घोळ सुरू झाला. पुढच्या दशकात पुरवणी न्यासपत्राने विश्वस्तांना मालमत्ता विकण्याचा अधिकार घेता आला. काही मालमत्ता विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून तक्रारी झाल्या. ५ ऑक्टोबर २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने निकाल दिला, आणि २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा न्यास सार्वजनिक आहे, त्याला १९५१ चा मध्य प्रदेश लोक न्यास कायदा लागू होतो, एका महिन्यात पंजीयनासाठी आवेदन द्यावं आणि झालेल्या विक्रीव्यवहारांची चौकशी लोक न्यासांच्या रजिस्ट्रारने करावी. आर्थिक गुन्हे शाखेकडून तपासाचा उच्च न्यायालयाचा आदेश मात्र रद्द झाला. या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे लोक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला रजिस्ट्रारची आधी परवानगी लागते. विश्वस्तांची सचोटी कशीही असो, परवानगी लागतेच.

एका नावात 'खासगी' आणि मालमत्ता लोकांची. दुसऱ्या नावात 'ओपन' आणि शास्त्र कुलपात. दोन्हीकडे नावावर विसंबून चालत नाही. संपत्ती कशासाठी बाजूला काढली गेली, तेच पाहावं लागतं.

मग विचारणार कोण? तुळशीपत्राची अडचण इथे येते. देणाऱ्याचा हक्क सुटला असेल तर तो दावा कोणत्या नात्याने लावतो? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ मध्ये यावर वाट आहे: न्यासात हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती कोर्टाच्या परवानगीने दावा लावू शकतात, किंवा महाधिवक्ता लावू शकतो. अमेरिकेत हे काम मुख्यतः राज्याच्या अॅटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं. देणगीदाराला ते सहज करू देत नाहीत. नाहीतर जुना प्रत्येक दाता रुसून कोर्टात जाईल. आमच्या वकीलकाकांना वादीच्या हेतूबद्दल भरवसा नाही, कारण त्याची स्वतःची एआय कंपनी स्पर्धेत आहे. मलाही नाही. पण हेतू गढूळ असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. घाट विकल्याची तक्रार कोणी कोणत्या रागातून केली, यावर घाट कोणाचा हे ठरत नाही.

संस्थेला नफ्याच्या कंपनीत बदलण्याचा बेत होता. मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशांनी या रूपांतराला तातडीची मनाई दिली नाही, पण जनतेचा पैसा घेतलेली सेवाभावी संस्था नफ्याकडे वळवली गेली तर होणारं नुकसान भरून येणारं नसतं, हे नमूद केलं आणि खटला लवकर चालवायची तयारी दाखवली. त्याआधी फेब्रुवारीत वादीच्या गटाने संस्थेची मत्ता ९,७४० कोटी डॉलरांना मागितली होती. मंडळाने नकार दिला. मे महिन्यात संस्थेने जाहीर केलं की ताबा ना-नफा संस्थेकडेच राहील. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी फेररचना पुरी झाली. नफ्याची शाखा पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन, म्हणजे नफ्याबरोबर लोकहितही पाहायला बांधील असलेली कंपनी, झाली, ना-नफा संस्थेकडे तिचा सुमारे २६ टक्के हिस्सा आला, आणि मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७. डेलावेअर आणि कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी अटी घालून हरकत सोडली. जानेवारी २०२६ मध्ये न्यायाधीशांनी दावा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ज्यूरीपुढे चालवण्याचं ठरवलं.

आमच्या कागदावरचे ते शब्द वकीलकाकांनी खोडले नाहीत. त्यांच्यापुढे एक वाक्य जोडलं: 'सॉफ्टवेअर खुले न ठेवण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतांनी, कारणे लेखी नोंदवून घेतला जाईल.' त्या वाक्यावरही एक संध्याकाळ गेली. नऊ जणांनी सह्या केल्या आणि कागद पंजीयक कार्यालयात दिला.