बॅटरी बदलण्यापूर्वी : ६ व्होल्टच्या जुन्या जावा-येझदीच्या चार्जिंगविषयी

आमच्या कार्यशाळेत येणाऱ्या जुन्या जावा आणि येझदी गाड्यांच्या मालकांची एक तक्रार वारंवार असते. नवी बॅटरी बसवली, पंधरा दिवस हॉर्न खणखणीत वाजला आणि मग दिवा पुन्हा मंद झाला. अशा वेळी दोष बॅटरीवर जातो आणि दुसरी बॅटरी विकत घेतली जाते. मोजल्याशिवाय काहीही बदलू नये, हे आमच्या ग्राहकांना पटावे यासाठी हे माहितीपत्रक लिहिले आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्यामुळे चुकीच्या निदानापायी एखादे चांगले आर्मेचर (वीज तयार करणाऱ्या डायनॅमोचा फिरता, तारेच्या गुंडाळ्यांचा भाग) भंगारात गेले, तर त्याच दर्जाचे दुसरे मिळवणे सोपे नसते.

प्रथम गाडीची ऐपत समजून घ्यावी. जावा २५० च्या ६ व्होल्टच्या डायनॅमोची क्षमता ४५ वॉट, म्हणजे फार तर साडेसात अँपिअर आहे. ३५ वॉटचा हेडलाइट आणि ५ वॉटचा टेललाइट लावला की त्यातले ४० वॉट तिथेच खर्च होतात, आणि इग्निशन कॉइललाही वीज याच साठ्यातून लागते. शिवाय इंजिन चांगल्या गतीने फिरत असतानाच डायनॅमो पूर्ण क्षमतेने वीज देतो. सिग्नलवर गाडी मंद धडधडत उभी असताना जवळजवळ सगळा भार बॅटरीवर पडतो. म्हणून रोज संध्याकाळी दिवा लावून शहराच्या गर्दीत तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर त्याला आम्ही बिघाड म्हणत नाही. अशा गाडीसाठी आठवड्यातून एकदा दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, दिवा न लावता केलेली फेरी हाच खरा उपाय आहे.

मोजणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर सावकाश, म्हणजे १२ अँपिअर-तासांची असल्यास सुमारे १.२ अँपिअरने, पूर्ण चार्ज करावी आणि काही तास तशीच ठेवावी. चांगली बॅटरी त्यानंतर ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे साधन) असल्यास तिन्ही सेलचे अ‍ॅसिड तपासावे, त्याची सापेक्ष घनता १.२६० ते १.२८० च्या दरम्यान असावी. दोन सेल ठीक आणि तिसरा फार खाली असेल, तर मात्र बॅटरी खरोखरच संपलेली आहे. सेल ठीक असतील, तर इंजिन सुरू करून, दिवा बंद ठेवून आणि थोडी रेस देऊन बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पुन्हा मोजावे. ६.९ ते ७.२ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग व्यवस्थित आहे. आकडा जागचा हललाच नाही, तर वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. तो साडेसातच्या वर गेला, तर रेग्युलेटर (विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे आणि बॅटरीतले पाणी वेगाने कमी होत राहील.

हेडलॅम्पवरील लाल दिव्याकडे ग्राहकांनी अधिक लक्ष द्यावे, कारण मल्टिमीटर हाती नसतानाही तो बरेच काही सांगतो. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर बल्ब गेलेला असतो किंवा कार्बन ब्रश (वीज बाहेर घेणारा कार्बनचा तुकडा) कॉम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकत नसतो. इंजिनाची गती वाढल्यावर तो विझला पाहिजे. विझत नसेल, तर डायनॅमो वीज तयार करत नाही. गती वाढल्यावरही तो अगदी फिकट पेटत राहतो, तेव्हा डायनॅमो चांगला असून वाटेत कुठेतरी, बहुधा कटआउटच्या (डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) पॉइंटवर किंवा एखाद्या सैल जोडावर, अडथळा असतो. हे तिसरे लक्षण ओळखले न गेल्यामुळे अनेक निर्दोष डायनॅमो विनाकारण उघडले जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

नुकत्याच रंगवून घेतलेल्या गाडीत आम्ही सर्वप्रथम अर्थिंग (बॅटरीच्या एका टोकाची चॅसिसशी असलेली जोडणी) तपासतो. चॅसिसवर पावडर कोटिंगचा सुंदर, जाड थर बसतो आणि अर्थची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) त्या थरावरच आवळली जाते. रंगातून वीज वाहत नाही. बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून लोखंड उघडे करावे आणि जोड आवळल्यावर त्यावर थोडे ग्रीस लावावे. बॅटरीचे अर्थचे टोक आणि इंजिनाचे आवरण यांच्यामध्ये, दिवा चालू असताना, ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर तो जोड खराब समजावा. फ्यूज धरणाऱ्या पत्र्यांवर कोकणातल्या दमट हवेत हिरवट थर चढतो, तोही काढावा.

यानंतरच डायनॅमो उघडावा. झिजून आखूड झालेले ब्रश बदलावेत. कॉम्युटेटर काळवंडला असल्यास तो बारीक काचपेपरने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण तांब्यात रुतून बसतात. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी झाला की वीज उलटी वाहू नये म्हणून कटआउट सुटतो. त्याचे पॉइंट चिकटले, तर गाडी बंद असतानाही बॅटरी डायनॅमोच्या गुंडाळीत रिकामी होत राहते. रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर हे कारण आधी तपासावे.

चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची वायर काढण्याची जुनी सवय कृपया सोडावी, कारण त्यामुळे दाब एकदम वाढून बल्ब आणि रेग्युलेटर जळू शकतात.

पावसाळ्यात चार महिने गाडी झाकून ठेवणार असाल, तर बॅटरी काढून घरात ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर जमतो आणि तो पुढे निघत नाही. पातळी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, अ‍ॅसिड घालू नये.

तपासणीसाठी गाडी आणताना आदल्या रात्री बॅटरी चार्ज करू नये. ती आहे त्या स्थितीत आणावी आणि आपण घेतलेले व्होल्टचे आकडे, लाल दिव्याचे वर्तन आणि अलीकडे बदललेले भाग एका कागदावर लिहून द्यावेत.