विमानात बदल केल्यावरचा वजन-तोलाचा हिशोब

विमानात एखादं यंत्र बसवलं, काढलं, सीट बदलली किंवा सगळं विमान नव्यानं रंगवलं की रिकाम्या विमानाचं वजन आणि गुरुत्वमध्य म्हणजे सीजी परत काढावा लागतो, ह्यालाच वेट अँड बॅलन्स म्हणतात. बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर ट्रेनिंगची छोटी विमानं उडतात, तिथं शिकणारी पोरं उडायच्या आधी माणसं, पेट्रोल, सामान धरून हे गणित करतात, पण रिकाम्या विमानाचा आकडाच जुना असेल तर पुढचं गणित बरोबर येऊनही काय उपयोग.

मोजायला एक ठरलेली जागा धरतात, तिला डेटम म्हणतात, सेसना १७२ ह्या छोट्या विमानाला ती फायरवॉलची, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या आग अडवणाऱ्या पत्र्याची, पुढची बाजू. तिथून वस्तूचं अंतर म्हणजे आर्म, वजन गुणिले आर्म म्हणजे मोमेंट, आणि एकूण मोमेंट भागिले एकूण वजन म्हणजे सीजी.

समजा विमान ७४० किलोचं, सीजी डेटमच्या मागं १ मीटरवर, म्हणजे मोमेंट ७४०. पॅनलमधला ४ किलोचा जुना रेडिओ काढला (आर्म ०.४० मीटर), तिथंच २ किलोचा नवा घातला, आणि शेपटीकडं ३ मीटरवर २ किलोचा इमर्जन्सी ट्रान्समीटर बसवला. वजन परत ७४० च! पण मोमेंट ७४० − १.६ + ०.८ + ६ = ७४५.२, म्हणजे सीजी १.००७ मीटर, ७ मिलिमीटर मागं सरकला. म्हणून "वजन वाढलं नाही, मग कशाला हिशोब" हे म्हणणंच चूक आहे. असे दोन-चार बदल न लिहिता राहिले की फरक साचत जातो.

अधिक-वजाचं चिन्ह चुकायची जागा डेटमच्या पुढं, तिथं आर्म वजा असतो, त्यामुळं इंजिनाकडचा जुना स्टार्टर काढला की वजा गुणिले वजा, मोमेंट वाढतो.

उसाची बैलगाडी मागं जास्त भरली की उलाळते, तसंच इथं. सीजी मर्यादेच्या मागं गेला तर विमान स्थिर राहत नाही, स्पिनमधून म्हणजे गरगरत खाली येण्यातून बाहेर काढणं अवघड, कधी अशक्यच. फार पुढं आला तर स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग, वाढतो, टेकऑफला धावपट्टी जास्त लागते, लँडिंगला नाक उचलत नाही. आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, एप्रिल-मेच्या उन्हात हवा आणखी विरळ, तेव्हा जादा वजन इथं लवकर अंगाशी येतं.

बदल मोठा असला किंवा जुन्या नोंदींवर भरवसा नसला तर कागदावर भागत नाही, विमान सरळ काट्यावर घ्यायचं. हँगरची दारं बंद, पंखे बंद, विमान लेव्हलमध्ये, टाकीत फक्त न वापरता येणारं, म्हणजे तळाशी उरून इंजिनापर्यंत न पोचणारं इंधन, मग तिन्ही चाकांखालचं वजन वेगवेगळं घ्यायचं. पुसायचं फडकं, टूलबॉक्स काहीही आत राहता कामा नये.

रंगकामात आणखी एक गोष्ट, एलिव्हेटर, रडर, एलेरॉन ह्या शेपटीच्या आणि पंखांच्या हलणाऱ्या भागांचा स्वतःचा तोलही परत तपासावा लागतो, तो बिघडला तर वेगात फडफड म्हणजे फ्लटर सुरू होऊन तो भाग तुटूही शकतो. आणि नवा वजनाचा रिपोर्ट विमानाच्या कागदात लागला की जुन्यावर तारीख घालून "रद्द" लिहायचं, नाहीतर पुढचा माणूस जुनाच आकडा उचलतो.