मृगशीर्षाचा तेजोमेघ आणि काक्षीचं छायाचित्रण

मृग नक्षत्रात डोक्याच्या जागी जे तीन बारीक तारे एकमेकांना चिकटून दिसतात त्यांच्याभोवती हायड्रोजनचा एक प्रचंड गोल तेजोमेघ आहे, शार्पलेस या खगोलशास्त्रज्ञाच्या १९५९ च्या तेजोमेघांच्या यादीत त्याचा नंबर २-२६४. आकाशात तो सहा अंशांच्या आसपास पसरलाय म्हणजे बारा पौर्णिमेचे चंद्र एका ओळीत मावतील एवढा, तरी नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही, कारण प्रकाश एवढ्या जागेत पातळ होतो आणि त्यातला बराचसा ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेत, म्हणजे हायड्रोजन अल्फात असतो, आणि अंधारात आपल्या डोळ्यांना हा रंग फारसा कळतच नाही. काठापासून थोडं बाहेर काक्षी (बेटेलज्यूज), तांबूस महाराक्षसी तारा, आकाशातल्या सगळ्यात ठळक ताऱ्यांपैकी एक.

फोटो बघून वाटतं काक्षीच हा मेघ पेटवतेय, पण तसं नाही. तिचा पृष्ठभाग साधारण ३५०० केल्विन, एवढ्यात हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटण्याइतका अतिनील प्रकाश निघत नाही. ते काम मेघाच्या मधोमध असलेल्या मेइसाचं, तो ओ वर्गातला निळसर राक्षसी तारा आहे, दहापट तापलेला. मेघ सुमारे १३०० प्रकाशवर्षं लांब, काक्षी त्याच्या बरीच अलीकडे.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १३५ एमएमची लेन्स लावली की दोन्ही आरामात बसतात, ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर मात्र हवाच. साध्या कॅमेऱ्यातला आतला फिल्टर हीच लाल रेषा बरीचशी अडवतो म्हणून लोक तो काढून घेतात किंवा मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेरा आणि ठरावीक रेषेचाच प्रकाश आत सोडणारा नॅरोबँड फिल्टर वापरतात.

खरी अडचण इथून पुढे. मेघासाठी काही मिनिटांची एक अशी ढीगभर एक्स्पोजर घेऊन स्टॅक करावी म्हणजे एकावर एक रचून एकत्र करावी लागतात, आणि चौपट वेळ दिला तर नॉइजच्या तुलनेत सिग्नल फक्त दुप्पट होतो. तेवढ्या वेळात काक्षी कधीच जळून पांढरी झालेली असते, वर फिल्टरच्या काचेतल्या परावर्तनाने तिच्याभोवती मोठं फिकट वलय येतं. म्हणून ताऱ्यांसाठी नॅरोबँड फिल्टर न लावता काही सेकंदांची वेगळी आरजीबी (लाल-हिरवा-निळा, म्हणजे रंगीत) एक्स्पोजर घ्यायची, सॉफ्टवेअरने मेघाच्या इमेजमधले तारे काढायचे, मेघ हवा तेवढा स्ट्रेच करायचा म्हणजे त्याचा मंद उजेड वाढवायचा आणि मग हे छोट्या एक्स्पोजरचे तारे अलगद परत बसवायचे. काक्षीचा नारिंगी रंग टिकलाच पाहिजे, माझ्या मते अख्ख्या फोटोची पारख तिथेच होते, मेघ कितीही भडक आला आणि काक्षी पांढरा ठिपका झाली तर फ्रेम फुकट.

फ्लॅट फ्रेम्स, म्हणजे एकसारख्या उजेडावर घेतलेले दुरुस्तीचे फोटो, टाळू नयेत, कारण लेन्सच्या कडेचा काळोख आणि मेघाची मंद कड यांत फरकच करता येत नाही. याच कडेवर बर्नार्ड ३० आणि ३५ हे काळे धुळीचे ढग आहेत, ते उठून दिसले की डेटा पुरेसा झाला समजायचं.

काक्षी रूपविकारी आहे, म्हणजे तिचं तेज कमीजास्त होतं, २०१९ च्या शेवटापासून फेब्रुवारी २०२० पर्यंत ती एवढी मंदावली होती की शेजारच्या बेलाट्रिक्स ताऱ्याच्या बरोबरीला आली, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचा डेटा एकत्र करताना ताऱ्यांची एक्स्पोजर एकाच सीझनची ठेवावीत.