कलावंतानं उपाशी राहावं, हे कधी ठरलं?

इतिहासात लेखी नोंद सापडणारा सर्वांत जुना संप कारागिरांचा आहे, आणि त्यात चित्रकारही होते. इजिप्तमध्ये आज देर अल्-मदिना या नावानं ओळखलं जाणारं एक गाव होतं. राजांच्या थडग्यांत कोरीवकाम आणि रंगकाम करणारे लोक तिथे बायकामुलांसह राहत. पगार धान्यात मिळायचा. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात, हे धान्य थकलं. महिन्याचे १८ दिवस उलटून गेले तरी वाटपाचा पत्ता नाही, तेव्हा ही मंडळी काम टाकून निघाली आणि एका देवळामागे जाऊन बसली. समजूत काढायला अधिकारी आले. त्यांना काय उत्तर मिळालं ते एका पपायरसवर लिहिलेलं आहे, आणि तो आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. भूक आणि तहान यांनी आम्हाला इथे आणलं, असं ते म्हणाले. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही.

कलावंताच्या हालांचा विषय निघाला की मला आधी ही माणसं आठवतात, कारण त्यांच्या बोलण्यात जराही संकोच नाही. काम केलंय, मोबदला द्या. आज मानधनाचा विषय काढायची वेळ आली की भले भले कलावंत आवंढा गिळतात. पैशाचं बोललो तर कलेवरची निष्ठा कमी समजली जाईल, अशी धास्ती असते. हा संकोच मुळात कलेत नव्हता. तो बराच नंतर आला.

मधल्या काळातले व्यवहार पाहिले तर तिथे सगळं रोखठोक आहे. १४८५ साली फ्लॉरेन्समधल्या एका अनाथालयानं डोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी करार केला. किंमत ११५ फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी, मुदत ३० महिने. निळा रंग अल्ट्रामरीन या दगडापासून होणाऱ्या महागड्या जातीचाच हवा आणि तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिनवाला, हेसुद्धा कागदावर. अल्ट्रामरीनचा दगड दूर अफगाणिस्तानकडच्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, त्यामुळे गिऱ्हाईक रंगाच्या दर्जावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. सुतारानं कुठलं लाकूड वापरायचं हे गिऱ्हाईकानं ठरवावं, तसाच हा प्रकार. चित्रकाराला त्यात अपमान वाटायचं काही कारण नव्हतं.

पण करारात न मावणारी एक गोष्ट तेव्हाही होती, आणि ती आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या पत्रांत सापडते. याकोब हेलर नावाच्या फ्रँकफुर्टच्या व्यापाऱ्यानं त्याला चर्चच्या वेदीसाठी मोठं चित्र सांगितलं होतं. ठरलेली रक्कम १३० फ्लोरिन. काम वाढत गेलं, ड्यूररनं २०० मागितले आणि दोघांची जुंपली. १५०९ च्या ऑगस्टमधलं त्याचं पत्र वाचताना दोन माणसं बोलताहेत असं वाटतं. एक म्हणतो, असलं वेळखाऊ काम पुन्हा अंगावर घेणार नाही, भिकेला लागेन. त्यापेक्षा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे काढत बसलो असतो तर आज हजार फ्लोरिनांनी श्रीमंत असतो. दुसरा सांगतो, रंगाचे पाचसहा थर चढवलेत, चित्र स्वच्छ ठेवा म्हणजे ५०० वर्षं ताजं राहील. शिवाय एकदोन वर्षांनी मी स्वतः येऊन त्यावर नवं व्हार्निश देईन, तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

तोट्यात गेलेल्या कामावर पुन्हा स्वतःच्या हातानं व्हार्निश द्यायला कोण जातं? हिशेब चुकला म्हणून ओरडणारा आणि त्या चित्राला कुणाचा हात लागू नये म्हणून जपणारा हा एकच माणूस आहे. मला कलावंताचं सुखदुःख इतक्या जवळून दाखवणारं दुसरं पत्र ठाऊक नाही. ते चित्र १७२९ मध्ये म्युनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत गेलं. छापे शाबूत आहेत.

करारापेक्षा सुरक्षित होता तो दरबार. अकबराच्या चित्रशाळेत दर आठवड्याला सगळी कामं बादशहापुढे मांडली जात आणि कामाची सफाई पाहून बक्षिसं किंवा पगारवाढ मिळे, असं अबुल फझलनं नोंदवलंय. पालखीच्या भोयाचा मुलगा दसवंत भिंतींवर चित्रं काढायचा. बादशहाची नजर गेली आणि तो तिथला अव्वल चित्रकार झाला. पुढे त्याच्या मनाचा तोल गेला आणि त्यानं जीव दिला. पोटाची सोय झाली म्हणजे सगळं झालं असं नाही, हे त्याच नोंदीत वाचायला मिळतं.

दरबाराची किंमत कशी चुकवावी लागे ते योजेफ हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या करारात दिसतं. १७६१ मध्ये तो एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या नोकरीत शिरला. गणवेश घालायचा, पांढरे मोजे, केसांना पावडर. रोज दोन वेळा बाहेरच्या दालनात थांबून हुकूम विचारायचा. रचलेलं संगीत मालकाचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. ही शेवटची अट १७७९ च्या नव्या करारात गेली. म्हातारपणी मात्र हायडननं त्या काळाबद्दल वेगळंच सांगितलं. जगापासून तुटलेला होतो, मला गोंधळात टाकणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून मला स्वतःची वेगळी वाट काढावीच लागली. हाताशी वाद्यवृंद होता. काय चांगलं वाजतं, काय पडतं, हे करून बघता येत होतं. मोजे पांढरे ठेवावे लागत होते आणि तरीही रचनेच्या आत तो मोकळा होता.

उघड्या बाजारानं हुकूम देणारा मालक दूर केला, पण महिन्याची खात्रीही त्याच्याबरोबर गेली. डच चित्रकार रेम्ब्राँट १६५६ मध्ये दिवाळखोरीत गेला तेव्हा त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची ३६३ कलमांची यादी झाली. पुढे त्याची जोडीदार आणि मुलगा यांनी व्यवसाय आपल्या नावावर घेतला आणि रेम्ब्राँट कागदोपत्री त्यांचा नोकर झाला. त्या काळी लोकांनी याला दिवाळखोरीच म्हटलं, त्यात कुणाला तेजोवलय दिसलं नाही.

ते वलय एकोणिसाव्या शतकातलं. राज्यक्रांतीनंतर फ्रान्समध्ये चर्च आणि सरदार हे जुने आश्रयदाते उखडले गेले. पॅरिसमध्ये चित्रकार वाढत गेले, भिंती मात्र तेवढ्याच. १८४० च्या दशकात तिथल्या नियतकालिकांत पोटमाळ्यावर थंडीत कुडकुडणाऱ्या, तरीही मजेत राहणाऱ्या कलावंतांच्या गोष्टी येऊ लागल्या. त्यांवर नाटक झालं, शतकाच्या शेवटी ऑपेरा झाला. उपासमार ही प्रतिभेची खूण ठरली. माझ्या मते कलावंतांचं याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्याच कल्पनेनं केलेलं नाही. पैसे न देणाऱ्याला तिनं तोंडभर सबब पुरवली.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगला या गोष्टींचा नायक केलं गेलं. त्याची पत्रं वेगळं सांगतात. भाऊ थिओ दरमहा पैसे पाठवायचा आणि व्हिन्सेंटला ती मदत डाचत होती. १८८४ मध्ये त्यानं थिओपुढे प्रस्ताव ठेवला, की मी चित्रं तुझ्या हवाली करतो, तू पाठवतोस ती रक्कम माझी कमाई धर. त्याला दया नको होती. त्याला देर अल्-मदिनाच्या माणसांसारखाच हिशेब हवा होता.

विसाव्या शतकात हा हिशेब कायद्यात शिरू लागला. चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा, हा हक्क फ्रान्सनं १९२० मध्ये दिला. मंदीत अमेरिकेनं १९३५ पासून चित्रकारांना सरकारी पगारावर घेतलं. जॅक्सन पोलॉक आणि ली क्रॅस्नर त्यातच तगले. युनेस्कोनं १९८० मध्ये कलावंताच्या दर्जाविषयी शिफारस मंजूर केली. आयर्लंडनं २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला.

राहता राहिलं समाधान. त्यासाठी पुन्हा त्या इजिप्तच्या गावाकडे जावं लागतं. तिथल्या कारागिरांना सुट्ट्या मिळत, आणि मोकळ्या वेळात ते आपल्या स्वतःच्या कुटुंबांची थडगी सजवत. संपाच्या साधारण शंभर वर्षं आधीचं सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं १८८६ मध्ये उघडलं. खोली लहानशी, वर कमानीसारखं छत. भिंतीवर सेन्नेजेम आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात आहेत. तो विळ्यानं पीक कापतोय, ती मागोमाग. दोघांच्या अंगावर शेतात कुणी घालणार नाही असे पांढरेशुभ्र कपडे. राजासाठी वापरायचा तोच हात, तीच सफाई. दार बंद झाल्यावर हे चित्र कुणी बघणार नव्हतं, आणि त्याचं धान्यही मिळणार नव्हतं.