ख्रिस्ती सेवाधर्म (मुंबई)

ख्रिस्ती श्रद्धेतील सेवेची कल्पना आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत, चर्चमध्ये व संस्थांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालवण्याची रीत. मूळ ग्रीक संज्ञा दियाकोनिया. मराठी ख्रिस्ती सर्रास ‘सेवा’ म्हणतात. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणे, अंत्यविधीनंतर त्या घरी डबा पोचवणे हे सारे तीत मोडते. पाळक (चर्चचे धर्मोपदेशक) तर आपल्या नेमणुकीलाही सेवाच म्हणतात.

दियाकोनिया करणारा तो दियाकोनोस, म्हणजे वाढपी, निरोप्या, हस्तक. ‘दिया’ (मधून) आणि ‘कोनिस’ (धूळ) मिळून ‘धुळीतून धावणारा’ ही व्युत्पत्ती प्रवचनांत आवडीने सांगितली जाते. भाषाशास्त्राला ती फारशी मान्य नाही. आयोनिक बोलीतील ‘दिएकोनोस’ या रूपावरून पहिल्या पदाचा अंत्य स्वर दीर्घ असावा असे दिसते, तर ‘दिया’तील स्वर ऱ्हस्व आहे. घाईने जाणे या अर्थाच्या धातूशी संबंध जोडणारे मत त्या मानाने संभवनीय वाटते.

अर्थाबद्दलचा वाद अधिक महत्त्वाचा. जर्मनीत थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये कैझर्सवेर्थ येथे सेविकांची संस्था उभारली. तेव्हापासून दियाकोनिया म्हणजे दुबळ्यांची नम्र सेवा हा अर्थ रूढ झाला आणि विसाव्या शतकातील जर्मन कोशकारांनी तो पक्का केला. ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन कॉलिन्स यांनी १९९० मध्ये प्राचीन ग्रीक वापर तपासून निराळे मत मांडले : या शब्दाचा गाभा नम्रतेचा नसून नेमून दिलेल्या कामगिरीचा आहे, दियाकोनोस हा कोणाच्या तरी वतीने जाणारा माणूस. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होते म्हणून सात जण निवडले जातात. हे काम पंक्तीत वाढण्याचे. पंक्तिसेवा हा शब्द त्याला चपखल बसतो. पण त्याच प्रसंगात प्रेषित वचनाची दियाकोनियाही करतात, म्हणजे एकच शब्द ताटालाही लागतो आणि उपदेशालाही. कॉलिन्स यांचे मत इथे बाजी मारते. तरी मुंबईच्या चर्चमधील कोणालाही विचारले तर तो पहिलाच अर्थ सांगेल.

पिढ्यांचा धागा बायबलच्या नव्या करारातच आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या अंगचा विश्वास आधी आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, असे त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे. पहिल्या पत्रात मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे ऋण फेडावे असा आदेश येतो. लगेच पुढे मंडळीच्या (चर्चच्या समुदायाच्या) यादीत घ्यायच्या विधवांची अट येते : वय साठच्या आत नसावे आणि पाहुणचार, संतांचे पाय धुणे, पीडितांना मदत ही कामे तिने केलेली असावीत. ही यादी मदत घेणाऱ्यांची की सेवा करणाऱ्यांची, याचा निकाल लागलेला नाही. बहुधा दोन्हींची असावी.

मुंबईत या परंपरेचा आरंभ कोठे धरावा याविषयी दोन मते आहेत. एक मत १८१३ पासून सुरुवात करते : त्या वर्षी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, पुढे मराठी शाळा निघाल्या, आणि १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. दुसरे मत पोर्तुगीज काळापर्यंत मागे जाते. लिस्बन येथे १४९८ मध्ये स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या बंधुसंघाच्या धर्तीवर वसईतही मिझेरिकॉर्दिया होती. तिच्यापुढे दयेची चौदा कामे असत, सात देहाची व सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट, मृताचे दफन ही देहाची. १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे गेली आणि साष्टी-वसईच्या ख्रिस्ती गावांवरचे पोर्तुगीज छत्र गेले. बंधुसंघाची इमारत आणि पैसा गेला, तरी आजाऱ्याची भेट व मृताचे दफन ही दोन कामे गावठाणांत घरोघरची कर्तव्ये म्हणून उरली असावीत. संस्थांचा इतिहास लिहायचा तर १८१३ हे सोयीचे वर्ष आहे. घरातल्या परंपरेचा लिहायचा तर दुसरे मत जवळचे वाटते. या भागातील मूळच्या, मराठी बोलीच्या कॅथलिकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेऊन १८८७ मध्ये संघ काढला, पण त्यांची गावठाणे त्याहून कितीतरी जुनी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्था वाढल्या. १८८२ च्या सप्टेंबरात मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही ख्रिस्ती संघटना मुंबई बंदरात उतरली. फ्रेडरिक टकर यांच्यासह तिचे अधिकारी पुढे भगवी वस्त्रे नेसून, देशी नावे घेऊन वावरू लागले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत गाठीच्या प्लेगचे निदान करणारे डॉ. अकॅसिओ व्हिएगस हे गोव्याचे कॅथलिक होते. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्या साथीच्या आठवणीचे क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांत अजून उभे आहेत. काहींवर साल कोरलेले आहे, काहींवर चुन्याचे इतके हात बसले आहेत की अक्षर लागत नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ च्या सुमारास भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाउस चालू केले. धर्मांतराचा आग्रह न धरता वस्तीतल्या सर्व धर्मांच्या लोकांसाठी वाचनालय, दवाखाना, खेळ अशी ही योजना होती. दोराबजी टाटा विश्वस्तनिधीने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा काढली, तेव्हा मॅन्शार्टच तिचे पहिले संचालक झाले. आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पंक्तीत वाढणाऱ्याचे काम इथे पदवीचा विषय झाले, ही या इतिहासातील मोठी उलथापालथ. मंडळ्यांच्या स्मरणिकांत मात्र तिला जेमतेम ओळभर जागा मिळते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाबरोबर ‘वडील’ (मंडळीतले ज्येष्ठ पदाधिकारी) व डीकन (दियाकोनोसवरून आलेले सेवकाचे पद) असतात. अनेक मराठी मंडळ्यांत कापणीच्या सणाला भाजी, फळे, कोंबडा, घरची लोणची आणून लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. एखादा दुधी भोपळा विकत घेणारा तो पुन्हा टेबलावर ठेवतो, मग दुसरा बोली लावतो. शेवटी तो एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पिशवीत जातो आणि तिच्याकडून कोणी पैसे घेत नाही.

कॅथलिक पॅरिशांत (चर्चच्या स्थानिक विभागांत) महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्यांकडे कम्युनियन (पवित्र भाकर) नेण्याची चाल आहे. घरात सकाळीच लहान टेबलावर पांढरा कपडा, क्रूस आणि दोन मेणबत्त्या मांडतात. फादर किंवा नेमलेला प्रापंचिक सेवक येतो. दार उघडायला बहुधा नातवंड असते, शाळेच्या गणवेशात, कारण आठची बस पकडायची असते. आजी ‘आमेन’ म्हणते. आलेल्याला ऐकू न गेल्यास नातवंडच तिच्या वतीने मोठ्याने म्हणते.

कल्याणासाठी हिब्रूत शालोम हा शब्द आहे. मराठीत त्याचे रूढ भाषांतर ‘शांती’. ते पुरे पडत नाही, ‘क्षेमकुशल’ अधिक जवळचे. शालोममध्ये शरीर, घर, शेजार आणि देव यांचे नाते नीट असणे येते. म्हणून सेवेने ज्याची सेवा केली त्याचेच नव्हे, करणाऱ्याचेही क्षेम साधते अशी श्रद्धा आहे. प्रौढ वयात पुढच्या पिढीची काळजी वाहण्यात माणसाचे मन निरोगी राहते, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडले. पाळक त्याचा दाखला हौसेने देतात. या गोडव्याला दुसरी बाजू आहे. घरातली सेवा बहुतेक सुनांच्या व लेकींच्या वाट्याला येते, आणि चर्चच्या आभारप्रदर्शनात नावे पुरुषांची वाचली जातात. किंख्रियातील मंडळीच्या फिबीला रोमकरांस पत्रात दियाकोनोस हेच पद लावले आहे, हे त्या वेळी कोणाला आठवत नाही.

वांद्र्यात माउंट मेरीच्या परिसरात १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णांसाठी निघालेले हे भारतातील पहिले आश्रयस्थान. रुग्णाचा धर्म तेथे विचारला जात नाही. गावठाणांतील तरुण मंडळी वसई-विरारकडे, आखातात, कॅनडात गेली. मागे राहिलेल्या घरांत पहिल्या शुक्रवारी टेबल मांडायला नातवंड नसते. तेव्हा शेजारीण येऊन मेणबत्त्या लावते. ती ख्रिस्ती असतेच असे नाही.