ट्वायलाइट झोन की आउटर लिमिट्स? गल्लत कुठे होते

'तुमच्या टीव्हीत काही बिघाड नाही, चित्र नीट करायला उठू नका' असं बजावणारा तो आवाज 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकी टीव्ही मालिकेचे कर्ते रॉड सर्लिंग यांचा, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो त्यांचा नाही. तो विक पेरिन यांचा, 'द आउटर लिमिट्स' या दुसऱ्याच मालिकेतला. एकेकाळी टीव्हीवरचं चित्र वरखाली धावू लागलं की उठून बटण पिळावं लागे, त्या सवयीवरच ही सुरुवात बेतलेली आहे. आडवं आणि उभं चित्र आता आमच्या ताब्यात आहे, असं तो आवाज सांगतो आणि भाग संपला की टीव्हीचा ताबा प्रेक्षकाला परत देतो. या आवाजाला चेहरा नाही, कुणी सूत्रधार पडद्यावर येत नाही.

'द ट्वायलाइट झोन'मध्ये सर्लिंग स्वतः सूट घालून कथेच्या मधोमध उभे राहतात. पण इथे एक फसगत ठरलेली. पहिल्या सीझनमध्ये भागाच्या सुरुवातीला त्यांचा फक्त आवाज आहे. ते कथेआधी पडद्यावर दिसू लागले दुसऱ्या सीझनपासून. म्हणजे 'सर्लिंग दिसले नाहीत, तेव्हा ही आउटर लिमिट्स' हा निकष 1959-60 च्या भागांना लावला तर उत्तर चुकतं.

सुरावटीचंही तसंच. ज्या चार सुरांची नक्कल लोक आजही काही विचित्र घडलं की तोंडाने करतात, ते सूर पहिल्या सीझनमध्ये नाहीतच. तिथे बर्नार्ड हरमन यांचं संथ, धूसर संगीत आहे. प्रसिद्ध सुरावट मारियस कॉन्स्टंट यांची. सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या संगीतसंग्रहासाठी केलेले दोन वेगवेगळे तुकडे जोडून ती बनवली गेली आणि दुसऱ्या सीझनपासून वाजू लागली.

घोळ व्हायला कारणंही आहेत. दोन्ही मूळ मालिका कृष्णधवल, दोन्ही अमेरिकी, दोन्हींत दर भागाला नवी गोष्ट आणि नवी पात्रं. 1963-64 मध्ये तर दोन्ही एकाच वेळी चालू होत्या, एक सीबीएसवर आणि दुसरी एबीसी या वाहिनीवर. (रंगीत भाग दिसला तर तो नंतरच्या पुनरुज्जीवनाचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.) ट्वायलाइट झोन 2 ऑक्टोबर 1959 ला सुरू झाली, पाच सीझन आणि 156 भाग चालली, त्यांतले 92 एकट्या सर्लिंग यांनी लिहिले. आउटर लिमिट्स 16 सप्टेंबर 1963 ला आली आणि जानेवारी 1965 मध्ये 49 भागांवर आटोपली.

खरा फरक मात्र घड्याळात आहे. ट्वायलाइट झोनचा भाग अर्ध्या तासाच्या जागेत बसवलेला, जाहिराती वगळता सुमारे पंचवीस मिनिटांचा. एवढ्यात एकच कल्पना मावते आणि तिचा सगळा भार शेवटच्या कलाटणीवर येतो. 'टाइम इनफ ॲट लास्ट'चा सांगाडा बघा: वाचनवेडा बँक कारकून, तिजोरीत बसलेला असताना पडलेला बाँब, उजाड शहर, पडक्या ग्रंथालयातली शाबूत पुस्तकं आणि फुटलेला चष्मा. एक पात्र, एक हौस, एक आघात. 'टू सर्व्ह मॅन'मध्ये तर सगळी गोष्ट एका इंग्रजी क्रियापदाच्या दोन अर्थांवर उभी आहे, सेवा करणे आणि ताटात वाढणे. मराठीत 'वाढणे' वापरून पाहिलं तर सेवा निसटते, म्हणून ही कलाटणी भाषांतरात हटकून फसते.

हा साचा ताणला की काय होतं, ते चौथ्या सीझनमध्ये दिसतं. 1963 मध्ये 18 भाग तासाभराचे केले गेले. कलाटणी तीच, फक्त तिथे पोचायला दुप्पट वेळ. प्रेक्षक अर्ध्यातच ओळखतो आणि मग वाट बघत बसतो. पाचव्या सीझनला मालिका पुन्हा अर्ध्या तासावर आली.

आउटर लिमिट्स पहिल्यापासून तासाची, म्हणजे निव्वळ एक्कावन्न मिनिटांच्या आसपास. तेवढा वेळ केवळ शेवटच्या धक्क्यावर निभत नाही. म्हणून तिथे प्रयोगशाळा, यंत्र, शास्त्रज्ञाचा हट्ट, त्याच्या बायकोची काळजी हे सगळं रचलं जातं आणि मधे एक प्राणी आणला जातो. पहिल्या सीझनचे निर्माते जोसेफ स्टेफानो या प्राण्याला 'अस्वल' म्हणत. दरवेशाने अस्वल आणलं की पांगणारी गर्दी थांबते, तसंच काहीसं. गंमत म्हणजे ते लपवूनही ठेवत नसत. पुष्कळ भागांत शीर्षकाआधीच्या तुकड्यातच त्याचं दर्शन होतं. ट्वायलाइट झोन नेमकं उलटं करते: 'आय ऑफ द बिहोल्डर'मध्ये डॉक्टर-नर्सचे चेहरे जवळजवळ शेवटपर्यंत सावलीत ठेवले आहेत.

आउटर लिमिट्सच्या पहिल्याच भागातला, 'द गॅलॅक्सी बीइंग'मधला परग्रहवासी निगेटिव्ह प्रतिमेत दाखवला आहे, म्हणून तो प्रकाशाचाच बनल्यासारखा वाटतो. 'द आर्किटेक्ट्स ऑफ फिअर'मध्ये शास्त्रज्ञ चिठ्ठ्या टाकून आपल्यातल्याच एकाला शस्त्रक्रियांनी परग्रहवासी बनवतात, जगातली राष्ट्रं भीतीने तरी एकत्र येतील म्हणून. त्यातलं 'अस्वल' काही स्थानिक केंद्रांना इतकं भयंकर वाटलं की त्यांनी तेवढा वेळ पडदा काळा ठेवला. छायाचित्रण कॉनरॅड हॉल यांच्या हातात असताना तर ही मालिका ट्वायलाइट झोनपेक्षा देखणी दिसते, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या सीझनला स्टेफानो गेले, मालिका सोमवारवरून शनिवारी विनोदी नट जॅकी ग्लीसन यांच्या कार्यक्रमासमोर टाकली गेली आणि 17 भागांत बंद पडली. तरी हार्लन एलिसन यांनी लिहिलेला 'डेमन विथ अ ग्लास हँड' त्याच पडत्या काळातला.

अडचणीचे भाग दोन्हीकडे आहेत. ट्वायलाइट झोनच्या दुसऱ्या सीझनमधले सहा भाग खर्च वाचवायला व्हिडिओटेपवर घेतले गेले. ते इतके सपाट दिसतात की तिसरीच मालिका वाटावी. आउटर लिमिट्सचा 'कंट्रोल्ड एक्सपेरिमेंट' हा चक्क विनोदी आहे, त्यात मंगळवासी आहेत पण अस्वल नाही. आणि नट विल्यम शॅटनर दोन्हीकडे आहेत. खिडकीबाहेर विमानाच्या पंखावर काहीतरी बसलेलं त्यांना दिसत असेल, तर ती ट्वायलाइट झोन. शुक्राजवळून परतल्यावर ते थंडीने कुडकुडत असतील आणि त्यांचे हात हळूहळू बदलत असतील, तर ती आउटर लिमिट्स.