दस्त्याची चीर: गोंद कोणता, इपॉक्सी कुठे

माउझर 98 सारख्या जुन्या रायफलच्या अक्रोडी दस्त्याला तडा जातो तो बहुधा मुठीच्या बारीक भागात, लोखंडी सांगाड्याच्या शेपटीमागे. बार उडाला की सांगाडा मागे रेटतो. तो धक्का झेलायचा पुढच्या रिकॉइल लगने, म्हणजे सांगाड्याखालच्या लोखंडी दात्याने. लगमागचं लाकूड दबलं की शेपटी पाचरीसारखी घुसते आणि दस्ता रेषेत उलतो. म्हणजे चीर चिकटवणं हे अर्धंच काम. (भारतात शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, 1959 च्या कायद्यानुसार.)

खरा शत्रू मुरलेलं तेल. तेलकट लाकूड कुठल्याच गोंदाला धरत नाही. खडूची भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यावा, वाळल्यावर झाडावा. भुकटी पिवळी पडायची थांबेपर्यंत पुन्हा. हे उघड्या हवेत, आगीपासून लांब.

फेविकॉल घट्ट सांध्यात उत्तम, पण फट भरत नाही आणि कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. झटपट गोंद केसाएवढ्या चिरेत उतरतो, पण ठिसूळ. पाच मिनिटांचं इपॉक्सी लाकडात मुरायच्या आतच आळतं. इथे संथ इपॉक्सीच हवं. अ‍ॅराल्डाइट स्टँडर्डमध्ये रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण आकारमानाने 1:1, वजनाने मात्र 100:80. काट्यावर निम्मंनिम्मं घेतलं की हार्डनर जास्त होतो आणि सांधा चिवट-मऊ राहतो. लाकूड आधी हेअर ड्रायरने कोमट करा: इपॉक्सी पातळ होऊन खोल जातं. क्लॅम्प हलकाच, फार आवळला तर सगळा गोंद बाहेर आणि सांधा कोरडा.

उरलेलं अर्धं काम बेडिंगचं, म्हणजे सांगाडा टेकतो ती लाकडातली जागा इपॉक्सीने भरण्याचं. तिथे मात्र पातळ इपॉक्सी नको. पोलादाची भुकटी घातलेलं, न ओघळणारं घ्या. गाड्यांची पॉलिएस्टर पुट्टी आकसते, ती टाळा. लोखंडाला मेण सर्वत्र, खाचा आणि स्क्रूची भोकं मातीच्या गोळ्याने बंद. एक खाच विसरली तरी सांगाडा कायमचा अडकू शकतो. लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली टेपचा एक थर, मागच्या बाजूला अजिबात नाही, कारण धक्का तिथेच टेकायचा. शेपटीमागे अर्धा मिलिमीटर मोकळं ठेवा. स्क्रू जागेवर धरण्यापुरतेच. आवळले तर दस्ता वाकलेल्या अवस्थेतच साचा घट्ट होतो.

24 तासांनी सांगाडा सुटला नाही तर सगळं काही तास फ्रीझरमध्ये ठेवावं: पोलाद आणि इपॉक्सी वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली बरीचशी इपॉक्सी 50-60 अंशांना मऊ पडू लागतात, त्यामुळे दुरुस्त दस्ता मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये.